सोबत : मीठ, पाव किलो

विधेयकाचा मसुदा मराठी करायला माझ्याकडे आला
तेव्हा कलम तीनमधल्या एका शब्दाखाली
पेडणेकर साहेबांनी पेन्सिलीने रेघ मारलेली होती.
म्हणाले, 'सुख' लिहू नका, कोर्टात टिकत नाही.
'हित' लिहिलं तर कुणी ठरवलं विचारतील.
'उपयोग' लिहा. उपयोग मोजता येतो.

मी उपयोग लिहिलं.
मंत्रालयाच्या आमच्या मजल्यावरून समुद्र दिसतो.
त्याचा उपयोग कुठल्याच तक्त्यात नाही,
पण खिडकीजवळच्या खुर्चीवरून
आमच्यात तीन वर्षं भांडण चालू आहे.

तक्ता जोडपत्र 'ब' मध्ये होता.
भांडुपच्या पूर्वेची मिठागरं, इतके इतके हेक्टर,
शेरा : निरुपयोगी.
लाभार्थी दोन लाख अठरा हजार.
बाधित चौसष्ट.
आकडे एकाखाली एक, वजाबाकीला मांडल्यासारखे.
मी करून पाहिली.
दोन लाख सतरा हजार नऊशे छत्तीस उरतात.
एवढी माणसं निवाऱ्याला लागणार असतील
तर चौसष्टांसाठी थांबायचं का?

हे मी खवचटपणे विचारत नाही.
माझा भाऊ दिगंबर सतरा वर्षं
कांजूरच्या संक्रमण शिबिरात राहतो.
त्याची मुलगी अभ्यासाला जिन्यात बसते,
येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी पाय उचलून घेते.
आणि लहानपणी आमच्या गल्लीत नळ आला
तो कुणाच्या तरी बागेतून, त्याच्या मनाविरुद्ध,
असल्याच एका कायद्याने.
त्या माणसाचं नाव आईला माहीत नव्हतं.
पाणी गोड होतं.

हरकती मागवल्या. नियम आहे.
एकशे नव्वद आल्या, बहुतेक एकाच छापाच्या.
एकशे बारावी वेगळी होती.
गोमीबाई हिराजी मढवी, वय एकाहत्तर, डाव्या हाताचा अंगठा.
मजकूर कुणा शाळकरी मुलाच्या अक्षरात :
'भरतीचं पानी कोंडीत घेतो. फळीने ओढतो. मीठ व्हतं.
तुम्ही निरुपयोगी लिवलंय ते नातवाने वाचून दावलं.
सोबत : मीठ, पाव किलो.'

आवक नोंदवहीत मी लिहिलं, सहपत्रे : एक.
पुडी टाचणीला राहीना, दोऱ्याने बांधली.

साहेब हसले. ठेवा, वरणाला होईल.
मग चष्मा काढून म्हणाले,
हे बघा, कायदा म्हणजे पंगत.
वाढपी एकेकाची आवड विचारत बसला
तर शेवटची पंगत उपाशी उठते.

खोटं नाही ते.
मी शेवटच्याच पंगतीतून उठून इथवर आलेय.
पण घरी जाताना आईची म्हण आठवत राहिली,
नावडतीचं मीठ अळणी.
ही पुडी तर कुणी चाखलीसुद्धा नव्हती.
आम्ही मोजली होती फक्त.

विधेयक संध्याकाळी आलं, अकरा मिनिटांत मंजूर झालं.
'होय'वाले मोठ्याने ओरडले.
कलम दोन, व्याख्या, माझ्याच हातची :
'उपयोग' याचा अर्थ, शासन वेळोवेळी
अधिसूचनेद्वारे निश्चित करील असा उपयोग, असा आहे.
एक स्वल्पविराम चुकला नाही.

हरकतींचं दप्तर 'ड' वर्गात गेलं,
एक वर्षानंतर नष्ट करावे.
पुडी तेवढी मी काढून घेतली.
नोंदवहीत सहपत्र एकच आहे अजून,
तपासणीला कुणी आलं तर काय सांगू?

दिगंबरचा नंबर सोडतीत लागलेला नाही.
पुढच्या वर्षी लागेल म्हणतात.
लागला तर मी नाचेन, हेही खरं.
मला पगार मिळतो, त्या मिठाला जागायचं,
आणि आयुष्यभर जे जेवणात पडलं
ते कुठल्या आगरातलं, कधी विचारलं नाही.

पुडी ड्रॉवरमध्ये आहे.
वरणात घालवत नाही, फेकवत नाही.
जुलैत तिला पाणी सुटतं,
कागद बदलावा लागतो.
ड्रॉवरचं कुलूप गंजलंय.
नवीन मागितलंय, मागणीपत्रात
प्रयोजनाचा रकाना
अजून कोरा आहे.